एका शब्दाला छप्पन्न वर्षं

इ.स. ३२५च्या उन्हाळ्यात निकाया इथल्या शाही वाड्यात रोमन साम्राज्यभरातले बिशप जमले होते. निकाया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. किती जण होते यावर तिथे हजर असलेल्यांचंही एकमत नाही. सीझरियाचा बिशप युसेबिअस अडीचशेहून अधिक सांगतो, अथानासिअस तीनशेच्या आसपास. पुढे ३१८ हा आकडा रूढ झाला, कारण उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहामाच्या घरची लढणारी माणसं तेवढीच आहेत. सभेपुढचा मुख्य प्रश्न असा: पुत्र, म्हणजे ज्याला योहानाचं शुभवर्तमान 'शब्द' म्हणतं तो, स्वतः देव आहे की देवाने निर्माण केलेल्यांत सर्वांत थोर?

आधी सरळ मार्ग काढायचं ठरलं. बायबलचेच शब्द घ्यायचे, म्हणजे कुणी हरकत घेणार नाही. 'पुत्र देवापासून आहे' असं लिहू या, असं काही बिशप म्हणाले. तेव्हा अथानासिअस आपल्या बिशपाबरोबर आलेला तरुण डीकन, म्हणजे बिशपाचा मदतनीस, होता. सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने या बैठकीची हकिकत लिहिली. समोरच्या, म्हणजे पुत्राला निर्मित मानणाऱ्यांच्या, गटात कुजबुज आणि नेत्रपल्लवी सुरू झाली, असं तो सांगतो. त्यांना ते वाक्य बिनतक्रार मान्य होतं, कारण 'सर्व काही देवापासून आहे' असं पौलानेच करिंथकरांना लिहिलं होतं. मग 'पुत्र हे देवाचं सामर्थ्य आहे' हे वाक्य पुढे आलं. पुन्हा नजरानजर! योएलच्या ग्रंथात देव टोळधाडीला 'माझं मोठं सैन्य' म्हणतो, आणि ग्रीक भाषांतरात तिथे सामर्थ्यासाठीचाच शब्द आहे. बरं, 'देवाची प्रतिमा' म्हणावं? तर माणूससुद्धा देवाची प्रतिमा आहे, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे.

अथानासिअस तटस्थ साक्षीदार नाही, हे लक्षात ठेवायला हवं. पण त्याने दाखवलेली अडचण खरी आहे. दोन माणसं एकच वाक्य, एकाच ग्रंथातलं, मनापासून उच्चारतात आणि त्यांच्या मनातले अर्थ एकमेकांना छेद देतात. ग्रंथातलं आणखी एक वचन आणून ही कोंडी फुटत नाही, कारण त्या वचनाचंही तेच होतं. ख्रिस्ती धर्मविचारात तत्त्वज्ञान का शिरलं, या प्रश्नाचं उत्तर मला याच प्रसंगात सापडतं.

भांडण कशावरून

आरिअस हा अलेक्झांड्रियातल्या एका चर्चचा धर्मगुरू होता. साधारण ३१८च्या सुमाराला त्याचं आपल्याच बिशपाशी, अलेक्झांडरशी, बिनसलं. त्याच्या पक्षाचं सर्वांत गाजलेलं वाक्य होतं, 'तो नव्हता, असं एकदा होतं.' देव अनादी आहे. त्याला कुणी जन्म दिला नाही, त्याला कारण नाही, ग्रीकमध्ये 'अगेन्नेतोस'. पुत्र या शब्दातच जन्म आहे. मग तो अनादी कसा? आणि तो पित्याच्याच सत्त्वाचा म्हणायचा, तर त्या सत्त्वाचे वाटे झाले की काय? वाटे होतात ते वस्तूचे. देव वस्तू नाही.

आरिअस बायबल सोडून बोलत नव्हता, हे इथे मुद्दाम सांगतो. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान म्हणतं की परमेश्वराने आपल्या कार्याच्या आरंभी मला निर्माण केलं. त्या काळचे सगळेच हे वचन ख्रिस्ताबद्दलचं मानत, त्यामुळे आरिअसला ते हाताशी आयतं होतं. पण वचनाला जोर मिळाला तो त्याखालच्या गृहीतामुळे. परम तत्त्व एकच असणार, ते अविभाज्य असणार, आणि त्याच्या खाली पायरीपायरीने बाकीचं सगळं, ही मांडणी प्लेटोच्या परंपरेत मुरलेल्या प्रत्येक सुशिक्षित माणसाला तेव्हा स्वयंसिद्ध वाटे.

अलेक्झांडर आणि नंतर अथानासिअस यांचं गृहीतक वेगळ्या जागेवरून येत होतं. चर्चमध्ये ख्रिस्ताची आराधना होते. तो निर्मित असेल तर आपण निर्मिताची पूजा करतो आहोत. आणि जो स्वतःच निर्मित आहे, तो निर्मितांना देवाशी कसा जोडणार? बुडणाऱ्याला बुडणारा कसा काढणार, असा तो रोखठोक प्रश्न होता. पण हा पक्षसुद्धा तत्त्वज्ञानाशिवाय एक पाऊल टाकू शकत नव्हता. पिता कधीही पुत्राविना नव्हता हे म्हणायला काळ म्हणजे काय, आणि काळाबाहेरचा जन्म म्हणजे काय, हे सांगावं लागतं. ते काम अलेक्झांड्रियाच्याच ओरिगेनने शंभर वर्षं आधी सुरू केलं होतं, आणि त्याचं शिक्षण प्लेटोच्या परंपरेतलं होतं.

'पाखंड्यांनी तत्त्वज्ञान आणलं, श्रद्धावंतांनी शास्त्र राखलं' असं एक चित्र पुष्कळदा रंगवलं जातं, ते मला म्हणूनच पटत नाही. 'अथेन्सचा जेरुसलेमशी काय संबंध?' असं तेर्तुल्लिआन या लॅटिन ख्रिस्ती लेखकाने दोनशेच्या सुमाराला विचारलं होतं, आणि लॅटिनमध्ये देवाबद्दल 'सुब्स्तान्तिआ' (सत्त्व) आणि 'पेर्सोना' (व्यक्ती) हे शब्द रुजवणाराही तोच. स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञान-पंथाच्या विचाराची छाप त्याच्या लिखाणात जागोजाग दिसते.

कॉन्स्टन्टाइन सम्राटाला हा वाद क्षुल्लक वाटला. कोर्दोबाचा बिशप होसिउस याच्या हाती त्याने अलेक्झांडर आणि आरिअस या दोघांना मिळून एकच पत्र पाठवलं. एका पंथाचे तत्त्वज्ञ तपशिलात भांडतात तरी एकत्र राहतात, तुम्हाला काय झालं, असं त्यात आहे. त्याला शांतता हवी होती. पण हे प्रकरण मठात बसलेल्या चार पंडितांपुरतं उरलंच नव्हतं. आरिअसने खलाशांसाठी, वाटसरूंसाठी आणि जात्यावर म्हणण्यासाठी गाणी रचली, अशी नोंद त्याच्या बाजूचा इतिहासकार फिलोस्टॉर्जिउस करतो. दळताना ओव्या म्हणणाऱ्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला त्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. जात्यावर आलेला विचार पत्राने मागे घेता येत नाही.

डागाळलेला शब्द

निकायात शेवटी जो शब्द निवडला गेला तो 'होमोऊसिओस'. होमो म्हणजे तोच किंवा समान. ऊसिया म्हणजे सत्त्व, तत्त्व, असणेपण. पुत्र पित्याशी होमोऊसिओस आहे, म्हणजे दोघांचं सत्त्व एक आहे.

शब्द बायबलात नाही, हा त्याचा एकच दोष नव्हता. तो आधी कुणाच्या तोंडी होता हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नॉस्टिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्ञानमार्गी पंथांनी तो वापरला होता. आरिअसने आपल्या बिशपाला लिहिलेल्या पत्रात तो मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथाशी जोडून नाकारला, कारण त्या पंथात पुत्र म्हणजे पित्याचा तुकडाच. आणखी अडचण अशी की २६८ साली अंत्युखियातल्या सभेने पौल नावाच्या एका बिशपाला दोषी ठरवताना हाच शब्द धिक्कारला होता, असं चौथ्या शतकातले लेखक सांगतात. म्हणजे एका सभेने टाकलेला शब्द दुसरीने उचलला.

आक्षेपामागचं तर्कशास्त्र भक्कम होतं. तांब्याची दोन नाणी घ्या. दोन्ही एकाच द्रव्याची, म्हणून होमोऊसिओस. पण मग तांबं दोन्ही नाण्यांच्या आधीचं. पिता आणि पुत्र होमोऊसिओस असतील, तर दोघांच्याही आधीचं एक तिसरं द्रव्य मानावं लागेल, आणि पिता-पुत्राऐवजी ते दोन भाऊ ठरतील! हे नाण्याचं उदाहरण पुढे बेसिल या बिशपाने आक्षेपकांचं म्हणून एका पत्रात नोंदवलं आहे.

असा शब्द मग घेतला का? मिलानचा अँब्रोज नंतर सांगतो की निकोमेडियाच्या युसेबिअसचं पत्र सभेत वाचलं गेलं (हा सीझरियाच्या युसेबिअसहून वेगळा, आरिअसचा पाठीराखा). पुत्राला अनिर्मित म्हटलं तर त्याला होमोऊसिओसही म्हणावं लागेल, अशा अर्थाचं त्यात काही होतं. समोरच्याला कोणता शब्द नको आहे ते असं कळलं. त्यांनीच म्यानातून काढलेल्या तलवारीने सभेने वार केला, असं अँब्रोज लिहितो. शब्द निवडला गेला तो नेमक्या अर्थासाठी कमी आणि प्रतिपक्षाला उच्चारता येत नाही म्हणून जास्त. माझ्या मते पुढच्या पाव शतकातल्या गोंधळाचं मूळ इथेच आहे.

सीझरियाच्या युसेबिअसने सभेनंतर आपल्या लोकांना लिहिलेलं पत्र सुदैवाने उरलं आहे. तो स्वतः या शब्दाबद्दल साशंक होता आणि सही करून आला होता, त्यामुळे घरी जाब द्यायचा होता. हा शब्द सम्राटाने सुचवला, असं तो लिहितो, आणि सम्राटाचं स्पष्टीकरणही देतो: शरीराला होतात तसे विकार इथे समजायचे नाहीत, पुत्र पित्यातून कापून काढला असं नाही, जे अभौतिक, बुद्धिगम्य, अशरीरी आहे त्याचे वाटे होत नाहीत. म्हणजे शब्द काय *म्हणत नाही* हे सभेने नीट सांगितलं. तो काय म्हणतो हे मोकळंच राहिलं. 'एक सत्त्व' म्हणजे दोन माणसं 'माणूस' म्हणून एक असतात तसं, की मोजायला गेलं तरी एकच? युसेबिअस एक अर्थ मनात धरून सही करत होता, अंत्युखियाचा युस्ताथिअस दुसरा. सही नाकारणारे शेवटी दोनच बिशप उरले, लिबियाकडचे थेओनास आणि सेकुंदुस. आरिअसबरोबर तेही हद्दपार झाले.

शब्दावर बंदी

पुढच्या तीस वर्षांचा राजकीय इतिहास इथे थोडक्यात उरकतो. अथानासिअस ३२८ मध्ये बिशप झाला आणि पाच वेळा हद्दपार. कॉन्स्टन्टाइनला ३३७ साली मरणापूर्वी बाप्तिस्मा दिला तो त्याच निकोमेडियाच्या युसेबिअसने. सभांमागून सभा झाल्या.

३५७ची सिर्मिअमची (आजच्या सर्बियातलं शहर) सभा मात्र या प्रकरणात महत्त्वाची. तिने ठरवलं की ऊसिया, होमोऊसिओस आणि 'सारख्या (पण तोच नव्हे अशा) सत्त्वाचा' हा अर्थ देणारा होमोइऊसिओस, हे सगळेच शब्द वर्ज्य. कारण दोन: ते शास्त्रात नाहीत, आणि हा विषय माणसाच्या बुद्धीपलीकडचा आहे. ऐकायला किती नम्र वाटतं! पण याच मजकुरात पिता पुत्राहून मोठा आहे हे ठामपणे लिहिलं होतं. तत्त्वज्ञानाचे शब्द काढून टाकल्याने तत्त्वज्ञान गेलं नाही. फक्त एका पक्षाचं तत्त्वज्ञान न तपासता आत आलं.

शास्त्रात कुठे आहे हे विचारणं मात्र गैर नव्हे, आणि ते चौथ्या शतकात संपलंही नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन आणि शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धान्त आणि ख्रिस्ताचं देवत्व हे कळीचे मुद्दे आहेत. चर्च सांगतं एवढ्यावरून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचं जू नुकतंच उतरवलं आहे, दुसरं घेणार नाही, या आशयाचं त्यांनी लिहिलं. पुढे केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करणाऱ्या बाईंचा हा प्रश्न होता. तो विचारणाऱ्याला तुच्छ लेखून उत्तर देता येत नाही.

गव्हाचा दाणा

बंदीचा परिणाम उलटाच झाला. ३६०च्या आसपास एउनोमिअस पुढे आला आणि त्याने आरिअसचा मुद्दा पूर्वी कधी नव्हता इतक्या काटेकोरपणे मांडला. 'अगेन्नेतोस', अजन्मा, हे देवाचं केवळ वर्णन नाही. ते त्याच्या सत्त्वाचं नाव आहे. खरं नाव वस्तूचं सत्त्व उघड करतं. पुत्र जन्मलेला आहे, म्हणजे त्याच्या सत्त्वाचं नाव वेगळं, म्हणजे सत्त्वच वेगळं. वाद मिटला.

याला उत्तर दिलं कप्पदोकियातल्या बेसिलने. तो अथेन्समध्ये शिकलेला. त्याने पुत्राबद्दल बोलण्याआधी नावांबद्दल बोलायला घेतलं, कारण घाव कुठे घालायचा हे त्याला दिसलं होतं. त्याचं उदाहरण शेतातलं आहे. गव्हाचा दाणा घ्या. झालेल्या पेरणीच्या बाजूने पाहिलं तर तो पीक आहे. पुढच्या पेरणीच्या बाजूने पाहिलं तर बियाणं आहे. खाणाऱ्याला तो अन्न आहे. तिन्ही नावं खरी आहेत, एकही थाप नाही. पण 'बियाणं' हे दाण्याचं सत्त्व नाही आणि 'अन्न' हेही नाही. दाणा एकच, आपण त्याच्याकडे विचाराने तीन वाटांनी जातो. 'अजन्मा' हा शब्द तसाच. देवाच्या मागे कुठवरही गेलं तरी सुरुवात सापडत नाही, एवढंच तो सांगतो. सत्त्व काय ते सांगत नाही.

मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. नाव आणि वस्तू यांचं नातं स्वाभाविक की मानलेलं, हा प्लेटोच्या 'क्रातिलोस' संवादातला जुना प्रश्न आहे, आणि बेसिलचा भाऊ न्यिसाचा ग्रेगरी एउनोमिअसवर त्याच संवादाच्या आहारी गेल्याचा ठपका ठेवतो. शस्त्र दोन्हीकडे तत्त्वज्ञानाचं होतं. फरक असा की एउनोमिअसच्या हातात ते देवाची व्याख्या करायला होतं, बेसिलच्या हातात आपल्या शब्दांची मर्यादा आखायला.

नाझिआन्झसच्या ग्रेगरीने ३८० साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये याच वाटेने आणखी एक पेच सोडवला. एउनोमिअसचे लोक विचारत: 'पिता' हे सत्त्वाचं नाव की कृतीचं? सत्त्वाचं म्हणाल तर पुत्राचं सत्त्व वेगळं. कृतीचं म्हणाल तर पुत्र ही निर्मिती. दोन्हीकडून कात्री. ग्रेगरी म्हणाला, दोन्ही नाही. ते नात्याचं नाव आहे. घरातलंच पाहा ना: मूल झालं की माणूस बाप होतो, पण त्याचं माणूसपण बदलत नाही, नातं जोडलं जातं. 'नातं' हा ॲरिस्टॉटलच्या पदार्थांपैकी, म्हणजे असण्याच्या मूळ प्रकारांपैकी, एक आणि तसा दुबळा मानलेला. तो इथे मध्यभागी आला.

याच शहरात, दोन-तीन वर्षांनी, न्यिसाच्या ग्रेगरीने ते प्रसिद्ध वर्णन केलं: सुटे पैसे मागितले तर समोरचा जन्मलेल्या-अजन्म्यावर तत्त्वज्ञान ऐकवतो; पावाचा भाव विचारला तर 'पिता मोठा' असं उत्तर येतं; न्हाणीघर तयार आहे का विचारलं तर 'पुत्र शून्यातून झाला' म्हणून सांगतात. तो वैतागून बोलतो आहे. मला त्यात दिसतं ते हे, की पाव विकणाऱ्यालाही या प्रश्नाचं उत्तर आपल्या जगण्याशी जोडलेलं वाटत होतं.

तुम्हाला काय म्हणायचंय?

आता थोडं मागे जातो, कारण माझ्या दृष्टीने प्रकरणाला वळण मिळालं ते ३६२ मध्ये, अलेक्झांड्रियात. जूलिअन सम्राट झाला होता, त्याने हद्दपार बिशपांना परतू दिलं आणि अथानासिअस घरी आला. त्याने जेमतेम वीसेक बिशपांची सभा घेतली. निकायाच्या थाटापुढे ती काहीच नव्हती.

अंत्युखियात निकाया मानणाऱ्यांचेच दोन गट झाले होते. एक म्हणे देवात तीन हिपोस्तासिस (शब्दशः 'खालचा आधार', म्हणजे प्रत्यक्ष असलेलं काही). दुसरा म्हणे एकच. निकायाच्या मूळ मजकुरातल्या, असहमतांना धिक्कारणाऱ्या शापवचनात ऊसिया आणि हिपोस्तासिस हे शब्द एकाच अर्थाने आले होते, त्यामुळे 'तीन' म्हणणारे दुसऱ्यांना तीन देव मानणारे वाटत, आणि 'एक' म्हणणारे पहिल्यांना पिता-पुत्रातला भेदच पुसणारे. लॅटिन भाषकांची पंचाईत आणखी वेगळी: हिपोस्तासिसचं अक्षरशः भाषांतर सुब्स्तान्तिआच होतं. म्हणून तर जेरोम सीरियाच्या वाळवंटातून रोमचा बिशप दामासुस याला पत्र लिहून विचारतो की माझ्याकडून तीन हिपोस्तासिस वदवून घेतायत, मी काय करू.

त्या सभेने प्रश्न केले. तीन म्हणणाऱ्यांना: एकमेकांपासून तुटलेली, परकी तीन सत्त्वं तुम्हाला म्हणायची आहेत का? तीन देव? नाही, ते म्हणाले. त्रैक्य नावापुरतं नाही, पिता खरोखर पिता आणि पुत्र खरोखर पुत्र आहे, एवढंच म्हणायचंय. एक म्हणणाऱ्यांना: मग पुत्र नुसतं नावच का? नाही, आम्ही हिपोस्तासिस हा शब्द ऊसियाच्या अर्थाने वापरतो. दोन्ही बाजूंनी एकमेकांची उत्तरं मान्य केली, आणि ही प्रश्नोत्तरं अंत्युखियाला पाठवायच्या पत्रात लिहिली गेली. त्याआधी ३५९ मध्येच अथानासिअसने, केवळ शब्दापाशी अडलेल्यांशी आपण भावांशी बोलावं तसं बोलतो, असं लिहून ठेवलं होतं. ज्या माणसाने एका शब्दासाठी आयुष्याची इतकी वर्षं वाळवंटात काढली, त्याने शब्द बाजूला ठेवून अर्थ विचारला.

अंत्युखियातली फूट मात्र सांधली नाही. पत्र पोचेपर्यंत सार्दिनियाहून आलेल्या लुसिफेर नावाच्या बिशपाने तिथे एका गटाच्या पौलिनुसला बिशपपदाचा अभिषेक करून टाकला होता.

पुढचं काम बेसिलने केलं. दोन शब्दांना दोन कामं वाटून दिली: ऊसिया म्हणजे सर्वांमध्ये समाईक असतं ते, हिपोस्तासिस म्हणजे ज्याचं त्याचं विशेष. पेत्र, आंद्रेय, योहान हे माणूस म्हणून एक, आणि तरी तिघे. भारतीय न्यायदर्शनातलं गोत्व, म्हणजे गायपण, आणि समोर उभी असलेली तांबडी गाय हा भेद ज्यांना माहीत आहे त्यांना इथे ओळखीचं काही दिसेल, आणि पुढचा धोकाही लगेच दिसेल: तीन माणसं एक माणूस नसतात, तसे हे तीन देव नव्हेत का? न्यिसाच्या ग्रेगरीला त्यासाठी वेगळा ग्रंथ लिहावा लागला. त्याच्या उत्तरातला मुख्य धागा असा की तिघांची कृती वेगवेगळी मोजताच येत नाही, ती पित्यापासून निघते, पुत्रातून जाते आणि पवित्र आत्म्यात पूर्ण होते. हे उत्तर पूर्ण समाधानकारक आहे असं मला वाटत नाही, पण तो प्रश्न टाळत नाही.

३८१च्या कॉन्स्टँटिनोपल सभेशी जोडला जाणारा विश्वासाचा अंगीकार आज जगभर रविवारी म्हटला जातो. तो निकायाच्या मजकुराशेजारी ठेवून वाचावा. 'म्हणजेच पित्याच्या ऊसियापासून' हे निकायातलं स्पष्टीकरण त्यात नाही. ऊसिया आणि हिपोस्तासिस एकच धरणारं शापवचनही गेलं आहे. होमोऊसिओस तेवढा आपल्या जागेवर आहे.